पक्कड काकू आणि पिळलेला शाफ्ट

आमच्या गल्लीत असं बोललं जातं, की माझ्या काकूने काकाचा पाय चाकाच्या पान्याने मोडला. सलूनवाला तर तो पाना केवढा होता तेही हात पसरून दाखवतो, आणि त्या वेळी त्याच्या एका हातात वस्तरा असतो, म्हणून खुर्चीतलं गिऱ्हाईक उलट काही विचारत नाही. दूध घालणारी बाई म्हणते, पान्याने नाही, जॅकने. एवढाच काय तो मतभेद.

खरं असं आहे, की पाय पिकअपने मोडला. काकूने मोडलं ते बाकीचं. आणि तेही पान्याला हात न लावता, सगळ्यांसमोर, 'अहो' म्हणत.

काकूला सगळे पक्कड म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त काकाची, कारण नाव त्यानेच ठेवलेलं. लग्न नवं असताना पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "हिचा हात हातात घेतला आणि मला वाटलं, कुणी चेष्टेने पक्कड दिली की काय." पाहुणे हसून हसून लोळले. काकू चहाचे कप गोळा करत होती. ती म्हणाली, "धरलं नसतं तर पडला असता तुम्ही." हे कुणाला फारसं विनोदी वाटलं नाही, म्हणून ते मागे पडलं आणि पक्कड तेवढी राहिली.

गॅरेज तिच्या वडलांचं. ते गाडीखाली झोपून काम करायचे आणि ही शेजारी झोपून पाने द्यायची, पुढे पुढे ते पाने द्यायला लागले आणि ही काम करायला लागली. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली पुढे गॅरेज, मागच्या खोलीत काका-काकू. काका पूर्वी कुठल्याशा ट्रकवर ड्रायव्हर होता. क्लच जळाला म्हणून इथे थांबला. तो सांगतो, "क्लच घेऊन आलो, बायको घेऊन गेलो." कुठे गेला कोण जाणे. तेव्हापासून इथेच आहे, आणि त्याच्या मागून बाबाही आम्हाला घेऊन इथे आले.

काका दिसायला देखणा, बोलायला त्याहून देखणा. तो चहाच्या टपरीवर उभा राहिला की टपरीवाल्याचा धंदा वाढतो. काकू उभी राहिली की लोकांना कामं आठवतात. तिच्याकडे गाडी आणणं म्हणजे आधी स्वतःची तपासणी करून घेणं. परवाच एक गृहस्थ आले. म्हणाले, "बाई, इंजिन फार गरम होतंय."

"ऑइल कधी बदललं?"

"आता आठवत नाही."

"तिला आठवतंय," काकू बॉनेटकडे बघत म्हणाली.

हा आवाज काढायचा म्हणजे ओठ हलवायचे नाहीत आणि वाक्याच्या शेवटी हनुवटी एवढीशी खाली न्यायची, जणू नट बसला. मला येतो. मला सगळ्यांचे येतात. दूध डेअरीचे शेठ येतात, त्यांचं प्रत्येक वाक्य "पॉइंट कळला का" वर येऊन बसतं. बाबा येतात, आधी खोकून मग मत देणारे. काका तर असा येतो की आई स्वयंपाकघरातून "भावोजी, चहा ठेवू का" विचारते. फक्त माणसंच नाही, गाड्याही येतात.

काकूचं एक बघण्यासारखं आहे. ती सगळ्यांना अरे-तुरे करते, फक्त काकाला 'अहो' म्हणते आणि गोष्ट जितकी वाईट तितका मान जास्त. नुसती चिडली तर "अहो, ऐका." फार चिडली तर "अहो, आपण जरा बसता का." त्या दिवशी ती एकदाही चिडली नाही. म्हणजे किती मान दिला असेल बघा.

काका शेठच्या दुधाचा पिकअप चालवायचा. डोंगरातल्या वस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि खाली डेअरीत आणून द्यायचे. शेठचे असे तीन पिकअप, तिन्ही काकूकडेच दुरुस्तीला. ते तीन नसते तर गॅरेजात उरल्या असत्या स्कूटर आणि एक गवत कापायचं मशीन, जे मालकाने नेलंच नाही. डोंगरात चिखल असतो म्हणून या गाड्या चारही चाकांनी ओढणाऱ्या. मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो. तो मागे असला की फक्त मागची चाकं ओढतात, पुढे ढकलला की चारही, आणि समोर एक हिरवा दिवा लागतो.

एके सकाळी दूध भरून उतरताना, कोरड्या डांबरी रस्त्यावर, वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन कठड्याच्या भिंतीला भिडली. कॅन उलटले आणि दूध उतारावरून खालच्या वस्तीत गेलं. तिथली कुत्री त्या दिवशी देवाला हात जोडत होती म्हणतात. काकाची नडगी मोडली. पुढच्या चाकांना ताकद नेणारा जो लांब लोखंडी दांडा असतो, शाफ्ट, त्याचा जॉइंट तुटला होता. शाफ्ट एका टोकाने लोंबकळून गाडीच्या पोटावर आपटत गेला होता, जाता जाता त्याने ब्रेकची नळीही तोडली होती.

आणि तो जॉइंट थोड्याच दिवसांपूर्वी काकूने नवा बसवला होता.

काकाने हॉस्पिटलात ही गोष्ट अशी रंगवली, की शेजारच्या खाटेवरचा माणूस स्वतःच्या भेटायला आलेल्यांना तीच सांगायला लागला. पाय वर टांगलेला, डोळे अर्धे मिटलेले, आवाज मऊ. "दांडा टूमध्ये होता हो. मागच्याच चाकांवर चाललो होतो. वळण आलं, खाली खाट्‌कन आवाज झाला, जॉइंट गेला. संपलं." मग एक उसासा. "नवाच होता जॉइंट. असो. मी कुणाला दोष देत नाही."

हे 'मी कुणाला दोष देत नाही' मी सुट्टी संपल्यावर वर्गात करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एकीला उचकी लागली.

शेठ गॅरेजात आले. कोपऱ्यातल्या रिकाम्या टायरवर रुमाल टाकून बसले. "वहिनी, पॉइंट साधा आहे. जॉइंट तुमच्या हातचा कच्चा निघाला तर माझ्या तिन्ही गाड्या उद्यापासून पुलापलीकडच्या वर्कशॉपला. ड्रायव्हरची चूक निघाली तर त्याची नोकरी बंद आणि हॉस्पिटलही त्याचं त्यानेच बघायचं. पॉइंट कळला का?"

"कळला."

"मग सांगा, कुणाची?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"उघडा. रविवारी येतो. शेजारी उभा राहून बघणार मी."

बाबा जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते खोकले. "पण शेठ, तपासणार तीच आणि आरोपीही तीच, हे कसं?"

"भाऊ, पुलापलीकडच्याला विचारलं तर तो गाड्यांसाठी काहीही सांगेल. हिला मी इतकी वर्षं बघतोय. खोटं बोलायचं असतं तर हिचा धंदा कधीच वाढला असता."

शेठ गेल्यावर घरात जे झालं त्याला बाबा 'चर्चा' म्हणतात. हिशेब कुणालाही कळण्यासारखा होता. गॅरेज वाचलं तर काकाची नोकरी जाणार, काकाची नोकरी वाचली तर गॅरेजचं शटर खाली येणार. चूल दोघांची एकच. काका नुकताच घरी आलेला, मागच्या खोलीत पलंगावर, प्लास्टर मांडीपर्यंत.

बाबांनी मधली वाट काढली. "तू असं म्हण, पार्टच खराब आला होता. कंपनीकडून."

"चांगला होता," काकू म्हणाली.

"अगं, पार्टला कुठे बायको-पोरं आहेत? ढकल की त्याच्यावर."

"भाऊजी, पार्ट मी बघून घेतला होता."

"मग म्हण बघताना जराशी नजर चुकली. एवढीशी."

"एवढीशी चूक म्हटल्यावर शेठ गाड्या एवढ्याशाच नेणार का?"

पलंगावरून मऊ आवाज आला, "दादा, तिला तिचं काम करू दे. तिच्या मनाला जे पटेल ते." मग तिच्याकडे वळून, "अगं, नीट बघशील ना?"

"बघते."

"म्हणजे कसं बघशील?"

"डोळ्यांनी."

आई म्हणाली, भांडू नका, जेवून घ्या. शनिवारी संध्याकाळी सगळे खालीच जेवायला बसलो, काकाच्या पलंगाभोवती. काका पडेल चेहऱ्याने घास चिवडत होता. वातावरण असं की भात गिळताना आवाज येईल. मला अशा वेळी राहवत नाही. मी म्हटलं, काका, तुझी गाडी करून दाखवू? आणि पिकअप सुरू केला. आधी स्टार्टर, मग थंड इंजिनाचा खोकला, मग पहिला गिअर. मग गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना रोज यायचा तो आवाज, टायर रबर घासत "च्यूंक्‌, च्यूंक्‌, च्यूंक्‌" आणि शेवटी पोटातून एक "टड्‌". आई हसली. बाबा हसले. काकासुद्धा गालात हसला, तो कौतुकाचा भुकेला आहे.

काकूचा घास हातात राहिला होता. "परत कर."

मी परत केला.

"हे कुठे ऐकलंस?"

"इथेच. कोपऱ्यावर. काका रोज सकाळी वळतो तेव्हा."

"पाऊस पडून गेल्यावर?"

"नाही गं, कोरडं असलं की जास्तच. तुला नाही येत ऐकू?"

"त्या वेळी माझा कंप्रेसर चालू असतो," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.

काकाने आईकडे पाणी मागितलं. त्याचा तांब्या भरलेला होता.

रविवारी शेठ आले ते पांढऱ्या शर्टात. काकू म्हणाली, "शेठ, बाह्या दुमडा." त्यांना वाटलं नव्हतं की आपल्यालाही खड्ड्यात उतरावं लागेल. पिकअप गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यावर घेतलेला, नाक चेपलेलं. शेठच्या सांगण्यावरून काकालाही खुर्चीत बसवून शटरपाशी आणलं होतं, प्लास्टरचा पाय पत्र्याच्या डब्यावर ठेवलेला. सलूनवाला गिऱ्हाईक अर्धं साबण लावून सोडून आला होता. बाबा होतेच.

काकूने आधी शेठना केबिनमध्ये डोकावायला लावलं. छोटा दांडा मागे होता. टू.

"बघा," काका खुर्चीतून म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"दांडा टूमध्ये आहे," काकू म्हणाली. "पेटी कशात आहे ते बघू."

मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी असते. ताकद नुसती मागे पाठवायची की पुढेही, हे तिथे ठरतं. वरचा दांडा फक्त निरोप देतो. काकूने मोठा गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला, बाकीच्या चाकांना दगड लावले आणि मागचं एकच चाक जॅकवर उचलून लोखंडी घोडीवर टेकवलं. शेठना खड्ड्यात उतरवलं आणि त्यांच्या हातात टॉर्च दिला. "पेटीच्या पुढच्या तोंडाला चकती आहे, शाफ्ट जोडायची. तिच्याकडे बघत राहा. गाडी टूमध्ये असेल तर चकती जागची हलणार नाही. पोरी, चाक फिरव."

मी फिरवलं. खालून शेठचा आवाज आला, "फिरतेय."

"थांब. परत फिरव."

"फिरतेय, वहिनी. चाकाबरोबर फिरतेय."

"म्हणजे पेटी फोरमध्ये आहे. शाफ्ट आपटला तेव्हा निरोप देणारी कडी वाकली. ती बघा, डावीकडे. नंतर कुणीतरी दांडा मागे ओढला. दांडा आला, पेटीला निरोपच पोचला नाही."

सलूनवाला 'अरे देवा' असं म्हणाला. सगळे काकाकडे बघायला लागले.

आता काकाला कमी समजायचं नाही. पाय मोडला होता, डोकं नाही. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, उलटंही झालं असेल की. दांडा टूमध्येच होता. शाफ्टने कडीला असा दणका दिला की पेटीच फोरमध्ये गेली. नाही का होऊ शकत?"

शेठ खड्ड्यातून डोकं वर काढून काकूकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. "होऊ शकतं?"

 मला वाटलं, झालं, आता ती म्हणेल होऊ शकतं, आणि सगळं कडीवर ढकलून मोकळे होऊ. कडीलाही बायको-पोरं नव्हती.

"होऊ शकतं," काकू म्हणाली. "अहो, मीही आपल्या जागी असते तर हेच सुचलं असतं."

आपल्या. मी चाक सोडून दिलं आणि पुढे येऊन उभी राहिले.

तिने भिंतीशी ठेवलेलं गोणपाट उलगडलं. आत तो पुढचा शाफ्ट, रॉकेलने धुऊन पुसलेला, आणि तुटलेला जॉइंट. आधी तिने जॉइंट शेठच्या तळहातावर ठेवला. "तुटलेली बाजू बघा. सगळी चकचकीत आहे. आधीची भेग असती तर तिथे काळं दिसलं असतं. हा एका दणक्यात गेलाय. कच्चा नव्हता."

मग शाफ्ट टेबलावर ठेवला. काकूची एक सवय आहे, वडलांकडून आलेली. शाफ्ट बसवण्याआधी ती त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढते. पुन्हा खोलला तर दोन्ही टोकं होती तशीच जुळावीत म्हणून. रेघ ओढताना ती श्वाससुद्धा घेत नाही. काका त्या रेघेला 'भांगातला रंग' म्हणून हसायचा.

ती रेघ आता सरळ नव्हती. शाफ्टच्या अंगाभोवती वळत गेली होती, पिळून काढलेल्या ओल्या कपड्यावर दिसते तशी.

"लोखंडाच्या नळीला पीळ बसलाय," काकू म्हणाली. "टूमध्ये हा शाफ्ट नुसता आयता फिरतो. त्याच्यावर जोर येत नाही. जोर नाही तर पीळ कुठून येणार? भिंतीवर आपटून लोखंड वाकतं, पिळत नाही."

शेठ वाकून रेघेवरून बोट फिरवत गेले. 

"आणि हा पीळ एका दिवसाचा नाही. जिथे जिथे पिळला तिथे रंगाला भेगा पडल्यात. भेगांत चिखल वाळून बसलाय. मी नुसतं रॉकेल फिरवलं, ब्रश लावला नाही, आपल्याला दिसावं म्हणून. पोरी, कोपऱ्यावरचा आवाज कर."

मी काकाकडे बघितलं. त्याने मान हलवली, नको म्हणून, अगदी थोडीशी, जशी लहान मुलं डॉक्टरला हलवतात.

मी आवाज केला. च्यूंक्‌, च्यूंक्‌, च्यूंक्‌. टड्‌. इतका चांगला त्याआधी कधी जमला नव्हता. गॅरेजात घुमतो ना.

"ही माझी गाडी आहे," शेठ म्हणाले. "डेअरीच्या फाटकात वळताना असंच करायची. मला वाटायचं, टायर."

"वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून," काकू म्हणाली. "पेटीने दोघांना एकत्र बांधलेलं असतं. चिखलात चाकं थोडी घसरतात, भागून जातं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही. मग टायर ओरडतं, शाफ्ट पिळतो आणि गाडीला वळायचंच नसतं. हे रोज रोज केलं. त्या दिवशी उतार होता, कॅन भरलेले होते. अहो, आपण सांगता का शेठना, डांबरावर फोर कशाला लागतं?"

काका प्लास्टरची कड नखाने खरवडायला लागला. त्याचा आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता, मऊ नव्हता, कसलाच नव्हता. "हिरवा दिवा लागला की बरं वाटायचं."

"काय?" शेठ म्हणाले.

"दिवा. चारही चाकं ओढतायत म्हटलं की... त्या उतारावर भीती वाटते मला. पहिल्यापासून."

सलूनवाल्याला हसू आवरलं नाही. तोंडावर हात धरून हसला, पण खांदे हलत होते. मग शेठही हसले, नाकातून. ज्या माणसाने टपरीवर एवढ्या घाटांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्याला घाटाची भीती. मीही हसले. न हसलेले दोघेच होते, बाबा आणि काकू.

"अहो, भीती वाटत होती तर आपण घरी बसायचं होतं," काकू म्हणाली. "आता बसालच."

मला वाटतं, पाय मोडला तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नसेल.

शेठनी हात पुसायला चिंधी मागितली. "पॉइंट कळला," ते म्हणाले, कुणालाच नाही, आणि मग काकाला, "उद्यापासून येऊ नकोस. हॉस्पिटलचं तुझं तू बघ." मग काकूला, "वहिनी, गाडी लवकर द्या. तिन्ही तुमच्याकडेच." गेले ते ग्रीस कपाळावर तसंच ठेवून. कुणी सांगितलं नाही. मी तर मुळीच नाही.

बाबांचा खोकला या वेळी खरा होता. "स्वतःच्या नवऱ्याला असं चव्हाट्यावर कुणी आणतं का?"

"भाऊजी, मला एकटीला सांगितलं असतं तर मी मागच्या खोलीत ऐकून घेतलं असतं. ते हॉस्पिटलात सांगत बसले."

"तो घाबरला होता."

"मीही घाबरले होते," ती म्हणाली आणि शाफ्ट पुन्हा गोणपाटात गुंडाळला. रेघ आत जाईल असा.

काकाने जाहीर केलं की तो आत्याकडे जाणार. त्याची मोठी बहीण, दोन गावं सोडून राहते. "या छपराखाली आता पाण्याचा थेंब घेणार नाही," असं म्हणून त्याने मला बॅग आणायला लावली आणि पलंगावर बसल्या बसल्या शर्ट भरायला लागला. एकेक शर्ट घडी करायचा, उलगडायचा, परत घडी करायचा. दारातून काकू ये-जा करत होती, खड्ड्यातलं ऑइल पुसत होती, बघत नव्हती. त्याने दाढीचं सामान भरलं. लग्नातला फोटो भिंतीवरून काढला, बघितला, परत लावला, वाकडा.

मी गॅरेजात जाऊन काकूजवळ उकिडवी बसले. ती पेटीची वाकलेली कडी सोडवत होती.

"काका सकाळच्या बसने जाणार."

"नाही जाणार."

"बॅग भरली त्याने. चेन लावली. तुझं तोंड बघणार नाही म्हणाला."

"गाडीखाली तोंड दिसत नाही."

"पैज लाव."

तिने कडी बाजूला ठेवली. पैज वगैरे शब्दांना ती सहसा उत्तरच देत नाही. "काय लावतेस?"

"मी जिंकले तर पिकअप दुरुस्त झाल्यावर कोपऱ्यापर्यंत मी चालवणार."

"चालेल. आणि मी जिंकले तर त्यांचा आवाज काढायचा नाही. शाळा सुरू होईपर्यंत."

"कुणाचा? तुझा?"

"माझा खुशाल काढ. त्यांचा नाही. आवाज नाही, उसासे नाहीत, कुबडीवर चालणं नाही. टपरीवर नाही, वर जेवताना नाही. त्या दिव्याचं तर नाहीच."

हे महाग होतं. दिव्याचं वाक्य मी तेवढ्यात जिन्यात दोनदा करून बघितलं होतं, चांगलं बसत होतं. पण मी बॅगेची चेन स्वतः बघितली होती. ज्या बाईने त्याला असं सोलून काढलं तिच्याकडे कोण राहील? "लावली," मी म्हटलं.

सकाळी मी मुद्दाम लवकर उठून खिडकीत बसले. बस कोपऱ्यावर आली, हॉर्न वाजवून थांबली, एक म्हातारी आणि दोन पोती घेऊन गेली. मी जिन्याने खाली धावले.

"दाबा," खड्ड्यातून काकूचा आवाज आला. "धरून ठेवा. सोडा."

काका पिकअपच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. दार उघडं, प्लास्टरचा पाय बाहेर काढून स्टुलावर ठेवलेला, पायाखाली उशीसारखी ती भरलेली बॅग. चांगल्या पायाने तो ब्रेक दाबत होता. ब्रेकची नळी बदलली की आतली हवा काढावी लागते, त्याला एक माणूस वर पेडल दाबायला आणि एक खाली नट सोडायला लागतो. काकूकडे या कामाला माणूस टिकत नाही. जे येतात ते तिचं बोलणं ऐकून जातात.

"अहो, अर्धवट नको. तळापर्यंत."

"दाबलंय गं."

"मग परत दाबा."

चहाचा कप डॅशबोर्डवर होता, अर्धा प्यायलेला. म्हणजे थेंबाचं तेही गेलं.

सलूनवाला शटरपाशी आला होता, कालचा तमाशा पुढे कुठे गेला ते बघायला. त्याला बघून काका सावरून बसला. केसांवरून हात फिरवला. आणि ब्रेक दाबता दाबता, त्या जुन्या मऊ आवाजात त्याला समजावून सांगायला लागला, "काय असतं माहितीये का, लोकांना वाटतं ब्रेकचं काम खालच्या माणसाचं. पण खरी कला या पायात आहे. एक पाय पुरतो. बाकी मेकॅनिक काय, नट फिरवतो. हिला विचारा, माझ्यासारखं दाबणारा हिला अजून मिळाला नाही."

"सोडा," खालून आवाज आला.

त्याने सोडलं. सलूनवाल्याने माझ्याकडे बघितलं. मागून बाबा उतरले होते, त्यांनीही बघितलं, आणि टपरीवाल्यानेसुद्धा मान वळवली. सगळ्यांना ठाऊक होतं की हे आता मी करून दाखवणार, केसांवरच्या हातासकट. गाडीखालून काकूने टॉर्च माझ्या पायांवर मारला आणि तसाच धरून ठेवला.

मी तोंड मिटून उभी राहिले. शाळा सुरू व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.